उलटंच ठेवा

फोनवर अच्युतराव पानसे म्हणाले, आवाज टोचतो.
टोचतो म्हणजे कसा?
थोडं थांबले.
पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसा.
आणि त्याला पोट नाही.

महाराणी रोडवरचं दुकान पोराच्या हवाली केलं,
पिशवीत मीटर, झाळायची कांडी, मऊ ब्रश टाकला
आणि स्कूटर लोकमान्य नगरकडे वळवली.
अशा तक्रारीत दहांत सहा वेळा सुई असते,
तीन वेळा खोली,
एकदा कान.
कानाचं गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.

सुई पुसली. वजन तोललं. पावणेदोन ग्रॅम, ठीक.
ट्रेबल उतरवला तर गाणारी बाई गोधडीत शिरली,
चढवला तर काचेवर नखं.
फरशी कोटा, उघडी. पडदे धुवायला काढलेले.
सतरंजी मागितली, अंथरली,
काचेच्या कपाटावर चादर टाकली.
कुंदाताई म्हणाल्या, घरात कुणी गेल्यासारखं दिसतंय.
आवाज तसाच. बारीक, कडवट.
तबल्याची किनार टणटणतेय
आणि डग्गेवाला जणू आलाच नाही मैफलीला.

मग मधोमध स्टूल घेऊन बसलो.
गाणं समोरून यायला हवं,
ते कानांच्या मागून आलं.
बटण मोनोवर केलं
तर बाई गेलीच,
तबकडीची खरखर तेवढी उरली.
इथे मी सुईचा नाद सोडला.

डावा एकटा लावला: भरदार, ऐसपैस.
उजवा एकटा: तोही.
दोघे मिळून: पत्रा, वाटाणे.

हा उजवा कधीपासून आहे इथे?
दिवाणावर पेपर वाचत बसलेले गृहस्थ,
ज्यांची ओळख कुणी करून दिली नव्हती,
पेपराआडून म्हणाले, माझ्याकडे होता.
सुदामा नगरात. एकोणीस वर्षं.
वाटणीत एकेक आला, अच्युतराव म्हणाले,
ॲम्प्लिफायर मला,
तबकड्या अ ते प इकडे, फ पासून दादाकडे.
वाजवायचा कशावर? मी त्यावर कुंडी ठेवली होती, पेपर म्हणाला.
मग नातवानं गणपतीत लावला, फाडला.
सियागंजातून कोन बदलून आणला.

दीड व्होल्टचा सेल मागितला.
भिंतीवरच्या घड्याळातला काढून दिला कुंदाताईंनी.
जाळ्या उतरवल्या.
लालला वरचं टोक, काळ्याला बूड, टेकवला.
डाव्याचा पडदा टप्कन पुढे आला.
उजव्याचा आत गेला.
पुन्हा, म्हणाले मोठे पानसे.
पेपर खाली, चष्मा कपाळावर.
पुन्हा टेकवला.
एक पुढे. एक आत.
आणखी एकदा, म्हणाले धाकटे.

हा हवा ढकलतो तेव्हाच तो ओढून घेतो, मी म्हणालो.
बारीक सूर कसेबसे निसटतात,
खर्ज मधल्यामधे मरतो.
तुमची बाहेरची जोडणी बरोबर आहे, लालला लाल.
ज्यानं कोन बसवला त्यानं आत तारा उलट झाळल्यात.
बाकी दोघांनाही काही झालेलं नाही.
कुंदाताई चहा बघायला आत गेल्या.

खोका उघडून झाळ तोडता आली असती,
पण लाकूड फुगलेलं, कुंडीचं पाणी मुरलेलं,
स्क्रू हात लावताच भुगा सोडणारे.
म्हणून बाहेरच बदललं.
लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल.
मोनो दाबलं.
बाई आल्या. मधोमध, भिंतीच्या जरा पुढे,
तान संपताना घेतलेल्या श्वासासकट,
आणि डग्गा सतरंजीखालून तळपायांत.

अस्संच होतं, मोठे म्हणाले.
नाही, धाकटे म्हणाले, थोडं गोल होतं अजून.
गोल? तुला गोल म्हणजे काय कळतं?
तिथून जी जुंपली दोघांची,
तबकडी कुठली, साल कुठलं, ते दुकान राजवाड्याकडे होतं की कोठारी मार्केटात,
चहात साय धरली.

मी चिकटपट्टीवर पेनानं लिहिलं, उलटंच ठेवा,
खाली हिंदीतही लिहिलं, पुढच्या मेकॅनिकसाठी,
कारण तो शहाणा असणार,
बघताक्षणी दुरुस्त करायला जाणार.
उजव्याच्या पाठीवर पट्टी दाबून बसवली.
तीनशे रुपये कुंदाताईंनी दिले.

घरी येऊन शर्ट काढताना कळलं,
सेल माझ्याच खिशात.
घड्याळ तिकडे पावणेपाचवर असेल.
अजून फोन आलेला नाही.